हा क्रम कुणाचा?

लीळाचरित्राच्या ‘एकांका’ची शब्दसूची हे माझ्या गुरूंचे आयुष्यभराचे काम होते. अध्यापनातून उरलेल्या वेळात त्यांनी एकेका शब्दाची एकेक चिठ्ठी केली आणि त्या चिठ्ठ्या बुटांच्या रिकाम्या खोक्यांत उभ्या लावून ठेवल्या. शब्द, त्याचे रूप, लीळेचा क्रमांक आणि क्वचित अर्थाविषयीची एखादी शंका, एवढाच मजकूर प्रत्येक चिठ्ठीवर असे. २०१३ साली हा सारा संभार त्यांनी माझ्या स्वाधीन केला. मी तेव्हा नुकतीच विद्यापीठात कायम झाले होते, संरचनावाद आणि उत्तर-संरचनावाद शिकवीत होते. आणि सूचीसारखे काम ‘सिद्धान्तपूर्व’ असते असा एक अहंकारही मनात बाळगून होते. चिठ्ठ्या संगणकात भरायच्या, त्या वर्णानुक्रमे लावायच्या आणि छापायच्या, यात विचार करण्याजोगे काही आहे असे मला वाटले नव्हते.

प्रस्तुत लेख या गैरसमजाची हकीकत आहे. ती सांगताना ‘सी’ या संगणकभाषेच्या मानक ग्रंथालयातील काही फंक्शनांचा परिचय करून देणे अपरिहार्य आहे. समीक्षेच्या नियतकालिकात हा विषय अस्थानी वाटेल, याची मला जाणीव आहे. परंतु संहिता म्हणजे काय, क्रम म्हणजे काय आणि तो लावणारा कर्ता कोण, हे प्रश्न मला ज्या तीव्रतेने या ग्रंथालयाने विचारले, त्या तीव्रतेने ते आमच्या चर्चासत्रांत क्वचितच विचारले गेले आहेत.

प्रथम ‘ग्रंथालय’ या शब्दाविषयी. सी ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास युनिक्स या कार्यप्रणालीच्या सान्निध्यात घडवली. ही भाषा स्वतः फार थोडे जाणते. अक्षरे पडद्यावर उमटवणे, शब्दाची लांबी मोजणे, दोन शब्दांची तुलना करणे, स्मृतीतली जागा मागून घेणे यांपैकी एकही गोष्ट भाषेच्या व्याकरणात नाही. ती सर्व कामे करणारी फंक्शने वेगळी लिहून ठेवलेली असतात आणि प्रत्येक प्रोग्राम ती तेथून घेतो. काही वेळा त्यांची नक्कल प्रोग्रामच्या अंगात कायमची शिवली जाते, तर काही वेळा एकच प्रत सर्वांसाठी ठेवली जाते आणि चालत्या वेळी प्रोग्राम तिचा आधार घेतो. पुस्तक उतरवून घरी नेणे आणि वाचनकक्षात बसून वाचणे यांत जो फरक, तोच साधारणपणे येथे आहे. १९८९ साली अमेरिकेच्या आणि १९९० साली आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेने या ग्रंथालयाला मानकाचे रूप दिले.

फंक्शनांची नावे एखाद्या सूत्रग्रंथासारखी आखूड आहेत: स्ट्रलेन, स्ट्रकॉप, स्ट्रकॉम्प, प्रिंटएफ, मॅलॉक. यातील बहुतेक नावे मूळ लेखनात सहा अक्षरांची आहेत, आणि त्याला कारण आहे. १९८९ च्या मानकाने अशा बाह्य नावांची पहिली सहा अक्षरेच वेगळी ओळखली जातील, एवढीच हमी दिली होती. अर्ध्या मात्रेच्या बचतीने हरखून जाणाऱ्या वैयाकरणांची मला त्या वेळी आठवण झाली. फरक इतकाच, की वैयाकरणांना स्मरणाची काटकसर करायची होती आणि येथे यंत्राची.

गणित विभागातील एका सहकाऱ्यांच्या मदतीने मी वर्षभरात इतपत सी शिकले, की चिठ्ठ्यांचा मजकूर वाचून तो लावणारा प्रोग्राम मला लिहिता यावा. पहिला धक्का स्ट्रलेनने दिला. हे फंक्शन शब्दाची लांबी सांगते. मी त्याला ‘लीळा’ हा शब्द दिला. उत्तर आले १२. माझ्या डोळ्यांना दोन अक्षरे दिसत होती. सहकाऱ्यांनी दुसरे फंक्शन दाखवले, बहुबाइटी लेखनाचे रुंद चिन्हांत रूपांतर करणारे. त्याने उत्तर दिले ४. ल, दीर्घ ईकाराची वेलांटी, ळ आणि काना अशी ती चार चिन्हे. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते, म्हणून बारा. ही पद्धती केन थॉम्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली अशा कौशल्याने रचली, की स्ट्रलेनसारख्या जुन्या फंक्शनांना काहीच न कळताही त्यांचे काम चालू राहावे. शून्य मूल्याचा बाइट म्हणजे शब्दाचा शेवट, हा जुना संकेत तिने कोठेही मोडला नाही.

बारा, चार आणि दोन. यांतील खरी लांबी कोणती? या प्रश्नाला ‘माणसाचे उत्तर खरे, यंत्राचे खोटे’ असे म्हणून मोकळे होता येत नाही. छंदःशास्त्राला विचारले तर ‘लीळा’ची लांबी चार मात्रा आहे, तीही दोन नव्हे. संहिता ही वाचनाच्या पद्धतीबाहेर, स्वयंभू अशी कोठे नसते, हे आपण वर्गात सांगत असतोच. स्ट्रलेन आपली वाचनपद्धती प्रामाणिकपणे सांगते आणि तिच्याबाहेरचा कोणताही दावा करीत नाही.

लीळाचरित्राच्या बाबतीत तर हे विशेषच लागू आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. एका वर्णाच्या जागी दुसरे चिन्ह, अशी ती व्यवस्था. इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली अभ्यासकांपुढे ठेवली, तेव्हा हे वाङ्मय पंथाबाहेरच्या वाचकांना खुले झाले. म्हणजे ज्या संहितेला मी तीन-तीन बाइटांच्या संकेतात घालत होते, ती शतकानुशतके एका संकेतातच जगली होती. ‘शुद्ध’ मराठी संहितेला यंत्राने प्रथमच विटाळले, असे म्हणायला मला जागा नव्हती. तरीही मी तसेच म्हटले, ते पुढे सांगते.

२०१४ च्या दिवाळीत पहिली मुद्रित प्रत घेऊन मी सरांकडे गेले. त्यांची दृष्टी तेव्हा अधू झाली होती. भिंग लावून त्यांनी ‘का’ची पाने काढली. ‘काल’च्या पाठोपाठ ‘काळ’ आला होता आणि त्यानंतर ‘कावळा’. ‘कांहीं’ हा शब्द ‘का’च्या अगदी आरंभी, ‘काज’च्याही आधी जाऊन बसला होता, आणि अनुस्वारावाचून लिहिलेला ‘काही’ पाऊण पानानंतर एकटा उभा होता. सरांनी बराच वेळ पाने उलटली. मग विचारले, “हा क्रम कुणाचा?”

मी म्हटले, “यंत्राचा, सर.”

“यंत्राला क्रम नसतो गं. कुणीतरी ठरवलेला असतो. तू विचारलेस का, कुणी ठरवला?”

मी विचारले नव्हते. त्याऐवजी मी एक निबंध लिहिला. त्याचे प्रमेय असे होते, की पाश्चात्त्य तंत्रज्ञान हे वर्चस्ववादी संकेतव्यूह असून ते देशी भाषांचे आंतरिक क्रम उद्ध्वस्त करते. ‘ळ’ला ‘ह’नंतरच्या त्याच्या स्थानावरून हुसकून ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये कोंबणे हे या हिंसेचे चिन्ह आहे. निबंध छापून आला; त्याचे कौतुकही झाले. सरांनी तो वाचून घेतला आणि त्याविषयी काहीही बोलले नाहीत. २०१६ साली ते गेले.

खोकी माझ्याकडेच होती. त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी मी पुन्हा प्रोग्रामकडे वळले आणि त्यांनी सुचवलेला प्रश्न, दोन वर्षे उशिरा, विचारला. उत्तर युनिक्सच्या नियमावलीत होते. या नियमावलीची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ ची असून तिचा तिसरा विभाग ग्रंथालयातील फंक्शनांना वाहिलेला आहे. प्रत्येक फंक्शनाला एक नोंद असते आणि नोंदीचे ठरावीक भाग असतात: नाव, रूप, वर्णन, परत मिळणारे मूल्य, चुका, दोष आणि शेवटी ‘हेही पाहा’. वाङ्मयप्रकार म्हणून या गद्याचा कुणी विचार केलेला नाही, करायला हवा. त्यात विशेषणे जवळजवळ नाहीत आणि लेखकाचा स्वर जाणीवपूर्वक पुसलेला आहे. तरीही वाचकाविषयीचा एक आदर त्यात सतत जाणवतो, कारण वाचक पुढे नेमके काय करून बसेल याची काळजी ते गद्य वाहत असते.

शब्दांची तुलना करणारी दोन फंक्शने आहेत. स्ट्रकॉम्प केवळ बाइटांची मूल्ये पाहते. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आणि ‘व’च्या आधी आहे, अनुस्वार सर्व व्यंजनांच्या आधी आहे. त्यामुळे स्ट्रकॉम्पच्या लेखी क्रमही तोच. हा तक्ता भारतीय मानकसंस्थेच्या इस्की या संकेतावर आधारलेला आहे. म्हणजे ‘ळ’ला ‘ल’शेजारी बसवणारे हात परदेशी नव्हते. अनेक भारतीय लिप्यांना एकच चौकट देण्याचा तो आपल्याकडचाच प्रयत्न होता, आणि तक्त्यातले स्थान म्हणजे कोशातला क्रम, असा त्याचा दावाही नव्हता.

तुलनेचे दुसरे फंक्शन स्ट्रकोल. १९८९ च्या मानकाने ते खास याच कामासाठी दिले: बाइटांप्रमाणे नव्हे, तर त्या त्या भाषाप्रदेशाच्या रूढीप्रमाणे तुलना करणे. या प्रदेशाला ‘लोकेल’ म्हणतात. मी वापरले होते ते स्ट्रकोलच! मग क्रम चुकला कसा? नियमावलीत त्याचेही उत्तर होते. प्रत्येक सी प्रोग्राम सुरू होताना एका विशिष्ट लोकेलमध्ये असतो. त्याचे नाव आहे ‘सी’. हा कोणताही देश नव्हे, कोणतीही भाषा नव्हे. येथे स्ट्रकोल अगदी स्ट्रकॉम्पसारखे वागते. तेथून निघायचे असेल तर प्रोग्रामने सेटलोकेल हे फंक्शन बोलावून आपण कोणत्या प्रदेशातले आहोत हे सांगावे लागते. मी ते सांगितलेच नव्हते. ग्रंथालयाने भाषेसाठी जागा राखून ठेवली होती. मी आपल्या भाषेचे नाव न घेता आत शिरले आणि तिला स्थान नाही म्हणून निबंध लिहिला.

मी सेटलोकेलची ओळ घातली आणि मराठीचे लोकेल मागितले. क्रम तसाच राहिला. आणखी चार दिवसांनी कळले, की माझ्या संगणकावर मराठीचे लोकेल बसवलेलेच नव्हते. अशा वेळी सेटलोकेल रिकामे मूल्य परत करते आणि प्रोग्राम पूर्वीच्याच प्रदेशात निमूटपणे चालू राहतो. ‘परत मिळणारे मूल्य’ या भागात हे स्पष्ट लिहिले होते. मी ते मूल्य पाहिले नव्हते. स्ट्रकोलची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. त्याचे प्रत्येक उत्तर, ऋण, शून्य वा धन, हे तुलनेचेच उत्तर असते. चूक झाली हे सांगायला त्याच्याजवळ एकही उत्तर शिल्लक नाही. म्हणून नियम असा, की आधी एरनो नावाचे चूकदर्शक स्थान स्वतः शून्य करून ठेवावे, प्रश्न विचारावा आणि नंतर ते स्थान पाहावे. आपण ज्या पद्धतीने संहितांना प्रश्न विचारतो तीत ही सोय कितपत असते, असा विचार माझ्या मनात आला. जी समीक्षापद्धती प्रत्येक कृतीतून अर्थ काढून दाखवते, तिला ‘येथे माझी पद्धत चालली नाही’ हे सांगण्यासाठी कोणते उत्तर उरते?

लोकेल बसवले तेव्हा क्रम बदलला. पण तरीही तो सरांचा क्रम नव्हता. लोकेल म्हणजे तरी काय? कुणीतरी लिहिलेला एक तक्ता. आणि सरांच्या खोक्यांत, सर्वांत मागे, त्यांच्या हस्ताक्षरातील एक चिठ्ठी मला सापडली. तिच्यावर तीन नियम होते. ‘ळ’ हा ‘ह’नंतर धरावा. अनुच्चारित अनुस्वार क्रमात धरू नये. क्रियापदाची रूपे धातूखाली द्यावीत. ‘केलें’ हे ‘करणें’पाशी. हे तीन नियम म्हणजे एका वाचकाने एका संहितेविषयी घेतलेले तीन निर्णय होते. कोणत्याही प्रदेशाच्या तक्त्यात ते सापडणार नव्हते.

अखेर उपयोगी पडले ते क्यूसॉर्ट. ग्रंथालयातील हे फंक्शन कोणत्याही वस्तू क्रमाने लावून देते, पण क्रम म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. ते आपल्याकडून एक तुलनाफंक्शन मागते. दोन वस्तू त्याच्या हाती द्यायच्या आणि त्याने एवढेच सांगायचे, की पहिली आधी, दुसरी आधी, की दोन्ही सारख्या. बाकी सर्व श्रम क्यूसॉर्टचे. सरांनी दोन वर्षांपूर्वी मला जे सांगितले होते तेच हे फंक्शन सांगत होते: यंत्राला क्रम नसतो.

तुलनाफंक्शन लिहायला मला तीन आठवडे लागले आणि त्याला खाद्य पुरवायला तीन वर्षे. ‘ळ’चा नियम चार ओळींत बसला. परंतु अनुस्वार उच्चारित की अनुच्चारित हे चिन्हावरून कळत नाही. ते शब्द कळल्यावर कळते. ‘केलें’ हे ‘करणें’चे रूप आहे हेही बाइटांत लिहिलेले नसते. म्हणून प्रत्येक चिठ्ठीला मला एक मूळशब्द हाताने जोडावा लागला, आणि जोडताना ती लीळा पुन्हा वाचावी लागली. सूचीचे काम सिद्धान्तपूर्व असते, ही माझी समजूत या वाचनात संपली. प्रत्येक चिठ्ठीचे स्थान हे एका अर्थनिर्णयनाचे फलित होते. सरांनी ते हजारो वेळा केले होते आणि त्याला ‘चिठ्ठ्या लावणे’ एवढेच म्हटले होते.

तुलनेवर मानकाची एक अट असते: ती सुसंगत हवी. पहिला शब्द दुसऱ्याच्या आधी आणि दुसरा तिसऱ्याच्या आधी असेल, तर पहिला तिसऱ्याच्या आधीच असला पाहिजे. तसे नसेल तर काय होईल याविषयी मानक काहीही सांगत नाही. परिणाम अनिर्धारित राहतो. सरांच्या खोक्यांत काही ठिकाणी ही अट मोडलेली मला आढळली. कधी रूपाने, कधी अर्थाच्या ओढीने त्यांनी चिठ्ठी लावली होती. तेथे मला निवड करावी लागली. शिवाय तुलनेत समान ठरलेल्या वस्तूंचा आपापसांतील क्रम क्यूसॉर्ट राखीलच अशी हमी नाही. ‘काळ’ म्हणजे समय, ‘काळ’ म्हणजे मृत्यू: दोन चिठ्ठ्या, लेखन एक. त्यांतील आधी कोणती, हे मी चिठ्ठीच्या क्रमांकावर सोपवले. अर्थावरून ठरवण्याचे धाडस केले नाही.

माझ्या प्रस्तावनेतील व्यक्तिनामांच्या सूचीत आणखी एक गोष्ट घडली. संतकवींचे अनुवादक जस्टिन ॲबट हे नाव दोन ठिकाणी आले. एकदा ‘अ’च्या अखेरीस आणि एकदा ‘ह’च्याही पलीकडे, अगदी शेवटी. ‘ॲ’ हे एकसंध चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले आणि त्याला तक्त्याच्या टोकाकडची मोकळी जागा मिळाली. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम चालत असे. डोळ्यांना दोन्ही सारखी. स्ट्रकॉम्पला ती दोन वेगळी नावे. मराठी वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना अधिकृत स्थान देणारा महाराष्ट्र शासनाचा निर्णय २००९ सालचा आहे. आम्ही साहित्याचे लोक त्या वर्षांत काय करीत होतो? निदान मी तरी चिन्हाच्या यादृच्छिकतेवर व्याख्याने देत होते. चिन्हाला तक्त्यात जागा देण्याचे काम कुठेतरी चालू आहे आणि ते माझ्या विषयाचे काम आहे, हे माझ्या ध्यानी आले नाही.

क्रम यादृच्छिक असतो हे खरेच. पाणिनीच्या शिवसूत्रांत वर्णांचा क्रम वर्णमालेहून वेगळा आहे आणि ‘ह’ दोनदा येतो. प्रत्याहारांच्या सोयीसाठी तो तसा लावलेला आहे. पण यादृच्छिक म्हणजे निर्हेतुक नव्हे, आणि निनावी तर नव्हेच. माझ्या २०१४ नंतरच्या निबंधातील मूळ दोष येथे होता. ‘तंत्रज्ञान’ या एका शब्दाला कर्तेपद देऊन मी समितीत बसलेली, तक्ते लिहिणारी, नियमावलीत इशारे नोंदवणारी माणसे पुसून टाकली. आणि त्यांच्याबरोबर माझी स्वतःची चूकही पुसली. ते प्रमेय मी येथे मागे घेते. वर्चस्वाचा प्रश्न खोटा आहे असे नाही. ‘सी’ लोकेलमध्ये इंग्रजी लेखनाचे बरेचसे निभते आणि मराठीचे निभत नाही, ही विषमता उघड आहे. मात्र तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार सेटलोकेलचे परतमूल्य तपासल्यानंतर मिळतो.

नियमावलीतील ‘दोष’ हा भाग मला सर्वांत अधिक शिकवून गेला. गेट्स नावाचे एक फंक्शन होते. किती मजकूर येईल याची मर्यादा न घालता ते ओळ वाचत असे, त्यामुळे दिलेल्या जागेबाहेरची स्मृती बिघडे. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस कृमीने आत शिरण्यासाठी ज्या वाटा वापरल्या, त्यांतील एक हीच. २०११ च्या मानकाने ते फंक्शन काढून टाकले. त्याआधी कितीतरी वर्षे, ते ग्रंथालयात असतानाच, त्याच्या नोंदीत ‘हे वापरू नका’ अशा अर्थाचा मजकूर होता. स्वतःच्या संग्रहातील वस्तूविषयी संग्राहकाने इतके स्पष्ट लिहिलेले मी मराठी संपादित ग्रंथांत फारसे पाहिलेले नाही. आपल्या प्रस्तावनांत ऋणनिर्देश असतो, ‘काही उणिवा राहिल्या असल्यास’ अशी क्षमायाचना असते. उणिवांची यादी नसते.

सूची आता पुरी झाली आहे. तिच्या शेवटी मी ‘दोष’ या शीर्षकाचे एक पान जोडले आहे. सरांच्या चिठ्ठ्या मी कोठे हलवल्या, कोणता अनुस्वार अनुच्चारित मानताना खात्री नव्हती, ‘काळ’च्या दोन नोंदींचा क्रम कशावरून ठरला, हे सारे त्यात लीळेच्या क्रमांकासह दिले आहे. त्या पानाच्या आरंभी सरांचे तीन नियम आहेत, आणि ते कुणाचे आहेत हेही लिहिले आहे. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच मला देता आले. ते त्यांच्या हाती देता आले असते, तर भिंग लावून त्यांनी प्रथम ‘का’चीच पाने काढली असती, आणि तेथे काहीतरी चुकलेले त्यांना नक्कीच सापडले असते.